आधी दवाखाना, मग दुखवटा

महापालिकेच्या सभागृहात एक जुनी प्रथा आहे. आजी किंवा माजी सभासद वारला, किंवा राज्यातला, देशातला कुणी मोठा पुढारी गेला, की सर्वसाधारण सभा सुरू होताच दुखवट्याचा ठराव मांडला जातो. चार-सहा जण बोलतात, सगळे उभे राहून स्तब्धता पाळतात आणि सभा तहकूब होते. कार्यपत्रिकेवरचे विषय पुढच्या सभेपर्यंत तसेच पडून राहतात. बाहेरच्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नसतं, पण त्या पडून राहिलेल्या विषयांमध्ये आमच्या वस्तीचा दवाखाना होता.

आमची वस्ती खराडीत, काचेच्या उंच इमारतींच्या पाठीमागे. माझी वहिनी त्यातल्याच एका इमारतीत साफसफाईच्या कामाला होती आणि तेव्हा तिला दिवस गेले होते. तिचा रक्तदाब वर जायचा, म्हणून डॉक्टरांनी दर आठवड्याला तपासायला बोलावलं होतं. महापालिकेचं प्रसूतिगृह दोन बस बदलून. तिकडे गेलं की दिवस बुडायचा आणि दिवस बुडू नये म्हणून ती जायची नाही. घरात यावरून रोज बोलणं व्हायचं. दादा चिडायचा, वहिनी गप्प बसायची, तिच्या पायांवर सूज दिसायची. आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी दवाखान्याची नवी इमारत उभी होती. बांधून, रंगवून तयार. शटरला कुलूप. पायऱ्यांवर पोरं बसायची आणि पोर्चमध्ये लोक आपापल्या स्कूटर लावायचे. इमारत आरोग्य खात्याकडे सोपवायची, डॉक्टर आणि नर्सच्या जागा भरायच्या, एवढ्याला सभागृहाची मंजुरी हवी होती. विषय दर सभेला कार्यपत्रिकेवर यायचा आणि दर सभेला कुणीतरी वारलेलं असायचं.

मी दुपारची रजा टाकून प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसायचे. हे खूळ माझ्यात कुठून आलं ते सांगते. बाबा सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात मशीनवर होते. छापताना बिघडलेली, मागून कोरी राहिलेली पत्रकं ते घरी आणायचे. मी आणि दादा त्या पाठकोऱ्या कागदांवर गणितं सोडवायचो. गणित सुटलं नाही की मी कागद उलटा करून वाचत बसायचे. संपाची पत्रकं, मोर्चाची, जयंतीची, पाणी येत नाही म्हणून काढलेली, एकमेकांना खोटं पाडणारी. शाळेच्या पुस्तकात जे काही असायचं ते होऊन गेलेलं असायचं. पत्रकातलं सगळं उद्या सकाळी व्हायचं असायचं, आणि आपणही तिथे हजर राहावं अशी त्यात विनंती असायची. कुणीतरी छापून विनंती करतंय आणि आपण जायचं नाही, हे मला अजूनही जमत नाही.

बाबा स्वतःही पत्रकं लिहायचे. त्यांनी सगळ्यात जास्त पत्रकं लिहिली ती आमच्या नगरसेवकांविरुद्ध. वस्ती त्यांना काका म्हणायची. मूळचे इथल्याच गावठाणातले, पांढरा सदरा, पायात चपला, स्कूटरच्या हँडलला कापडी पिशवी. पत्रक निघालं की दोन दिवसांत काका आमच्या दारात हजर.

"काय संपादक, या महिन्यात मी काय काय खाल्लं?"

"वाचलं नाही का?" बाबा म्हणायचे.

"वाचलं की. खालच्या ओळी जरा बारीक छापल्यात. आमच्या वयाच्या माणसाला शिव्या मोठ्या अक्षरात द्याव्यात."

"कागद महागलाय."

"मग शिव्या कमी करा."

मग चहा व्हायचा. चहा झाल्यावर बाबा नाल्याच्या भिंतीचं विचारायचे आणि काका पुढच्या अंदाजपत्रकाचं नाव सांगायचे. ती भिंत शेवटपर्यंत झाली नाही. सार्वजनिक संडासाचं कंत्राट काकांनी आपल्या ओळखीच्या माणसाला दिलं, ही बाबांची तक्रार खरी होती. आयुष्यभर ज्या पक्षाला नावं ठेवली त्याच पक्षात ते एका निवडणुकीआधी गेले, हेही खरं. पण वस्तीत घरोघरी नळ आला तो त्यांच्यामुळे. शाळेला वरचे वर्ग मिळाले ते त्यांनी शिक्षण मंडळाच्या दारात बसून मिळवले. आणि दवाखान्याची जागा एका बिल्डरच्या पार्किंगमध्ये जाणार होती, ती त्यांनी भांडून राखली. शेवटच्या निवडणुकीत ते पडले. पडल्यावर बाकीचे माजी होतात. काका रोज सकाळी पिशवी घेऊन महापालिकेत जात राहिले. दवाखान्याची फाईल कुठल्या टेबलावर आहे हे ते आम्हाला हवामानासारखं सांगायचे.

गॅलरीत ते माझ्या शेजारी बसायचे. पहिल्यांदा सभा तहकूब झाली ती एका माजी सभासद बाईंसाठी. एकजण उठला आणि म्हणाला, त्या अजातशत्रू होत्या. दुसरा म्हणाला, अजातशत्रू होत्या. तिसऱ्याने कधीही भरून न येणारी पोकळी आणली. बाईंनी नेमकं काय केलं हे कुणीच सांगत नव्हतं. काका माझ्या कानाशी पुटपुटले, "अजातशत्रू कसली! सगळ्या सभागृहाशी भांडायची. भाजी मंडईत बायकांसाठी मुतारी बांधून घेतली तिनं, सगळे हसत होते तेव्हा." मग सगळे उभे राहिले, तसे काकाही उभे राहिले, हात जोडून, डोळे मिटून. मी बसून राहिले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काका, गेलेल्या माणसासाठी जित्या माणसांची कामं का अडवायची?"

"बाळा, आत आम्ही एकमेकांची धोतरं फेडतो. माणूस गेल्यावर तरी एक दिवस गप्प बसायला नको?"

"बसा ना. घरी बसा. संध्याकाळी बसा."

"तसं नसतं. सभागृह थांबतं म्हणजे शहर थांबतं. ज्यानं शहरासाठी आयुष्य घालवलं, त्याच्यासाठी शहरानं एक दुपार थांबावं, एवढंच असतं ते. एका दुपारीनं शहर मरत नाही."

"शहर नाही मरत. वस्ती मरते."

"हे छान आहे. बापाला सांग, छापेल." असं म्हणून ते बसथांब्याकडे वळले. पण प्रथेबद्दलचं मत त्यांनी बदललं नाही. पुढच्या सभेला दिल्लीतले कुणी माजी मंत्री गेले होते, त्यानंतर एक माजी उपमहापौर. प्रत्येक वेळी काका उभे राहिले, प्रत्येक वेळी मी बसून राहिले, आणि बसमध्ये आमचं तेच भांडण पुन्हा झालं.

मग निवडणूक जवळ आली. आचारसंहितेआधी एकच सर्वसाधारण सभा उरली होती. त्या सभेत विषय झाला नाही, तर नवं सभागृह येईपर्यंत, नव्या समित्या बसेपर्यंत, काही होणार नव्हतं. वहिनीचं बाळंतपण तोवर थांबणार नव्हतं. काकांनी मला फोन करून सांगितलं, "या वेळी कुणी आजारीसुद्धा नाही, मी चौकशी केलीय." दोघंही हसलो.

सभेच्या दोन दिवस आधी सकाळी काका गेले. अंघोळ करून देवासमोर बसले होते, तिथेच.

बाबा छापखान्यातून मधूनच घरी आले. चपला काढून उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, "आता भांडायचं कुणाशी?" संध्याकाळपर्यंत चौकाचौकात फ्लेक्स लागले. काकांचा हसरा फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि त्याच्या खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो, काकांपेक्षा मोठे. त्यात सगळ्यात मोठा त्यांच्या मुलाचा. तो या निवडणुकीत उभा राहायच्या तयारीत होता.

रात्री जेवताना वहिनीच म्हणाली, "म्हणजे परवाची सभा काकांसाठी तहकूब होणार." ती हे शांतपणे म्हणाली. दवाखान्यासाठी ज्या माणसाने फाईलमागे चपला झिजवल्या, त्याच्या मानासाठी तो दवाखाना बुडणार होता.

मी पत्रक लिहिलं. पत्रकाखेरीज मला दुसरं काही येत नव्हतं. काकांनी काय केलं ते लिहिलं, दवाखान्याचं लिहिलं, आणि शेवटी: त्यांच्यासाठी सभा तहकूब करू नका, सभा चालवा, त्यांच्या नावाने दुखवटा नको, त्यांच्या विषयाला मंजुरी हवी. बाबांनी मजकूर वाचला, त्यातली तीन उद्गारचिन्हं खोडली आणि म्हणाले, "घरात माणूस गेलंय त्यांच्या. ओरडू नको." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच छापून आणलं. त्यांना एवढ्या वर्षांची सवय. मृत्यूचा मजकूर म्हणजे भोवती काळी चौकट. तशी चौकट त्यांनी हातासरशी टाकून दिली होती.

काकांच्या घरासमोर मांडव होता. सभासद मंडळी भेटायला येत होती, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून खुर्चीत बसत होती. मी एकेकाच्या हातात पत्रक देत गेले. प्रत्येकाने ते दोन्ही हातांनी घेतलं. एकाने कपाळाला लावलं. सगळ्यांनी नीट घडी करून खिशात ठेवलं, आणि एकानेही वाचलं नाही. मला कळेना. शेवटी सभागृह नेत्यांनी खिशावर हात ठेवत मला हळूच विचारलं, "दहावा आळंदीला ठेवलाय की देहूला?"

"अहो, हे दहाव्याचं नाही."

"बरं बरं. घरीच करताय. चांगलं आहे." ते उठून गाडीकडे गेले.

काळ्या चौकटीतला कागद म्हणजे दहाव्याची तारीख आणि ठिकाण, दुसरं काय असणार? शहरातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने तेच धरलं असतं. पत्रक वाटून संपलं आणि कुणाला काहीही कळलं नाही. आयुष्यात मी एवढं निरुपयोगी पत्रक काढलं नव्हतं.

एवढ्यात आतून एक बाई आली आणि म्हणाली, "काकूंनी बोलावलंय. कागद वाटणारी पोरगी कोण ते विचारतायत."

काकू, म्हणजे काकांच्या पत्नी, आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. आजूबाजूला नात्यातल्या बायका. मांडवात कुणाच्या तरी खिशातून पडलेलं पत्रक त्यांच्या मांडीवर उलगडलेलं होतं. दिवसभर बसून राहण्याखेरीज त्यांना काही करू देत नव्हते, म्हणून त्यांनी ते वाचलं होतं.

"तू संपादकाची पोर ना?"

"हो."

"बाप जित्या माणसाला शिव्या द्यायचा. तू मेलेल्याला अडवाया आलीस व्हय?"

खोलीतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "काकू, मी त्यांना अडवत नाही. त्यांच्याच दवाखान्यासाठी आलेय."

"ते कळलं मला, वाचता येतं." त्यांनी कागद बाजूला ठेवला. "आमच्या ह्यांनी किती जणांसाठी सभा थांबवली, ठावं हाय तुला? आपला-परका बघितला न्हाई. घरी येऊन सांगायचे, आज अमक्यासाठी सभागृह उभं राहिलं. पडल्यावर समदे इसरले त्यास्नी. हार न्हाई, बोलावणं न्हाई. एक ही सभा राहिली हुती त्यांच्या वाट्याची. तीबी तुला पायजे?"

पत्रकात असं कुणी समोर बसून विचारत नाही.

तोवर काकांचा मुलगा आत आला होता. त्याच्या हातातही आता पत्रक होतं आणि त्याने ते वाचलेलं दिसत होतं. "आई, तू लक्ष देऊ नको. उद्या सभा तहकूब होणारच. माझं महापौरांशी बोलणं झालंय, फोटोग्राफर येणारेत." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, प्लीज. पॉलिटिक्स करायला दुसरं घर बघा."

"कोण करतंय पॉलिटिक्स?" मी म्हटलं.

"थांब रे," काकू म्हणाल्या. मुलगा थांबला. त्यांनी मला विचारलं, "तू तर त्यांच्या शेजारी बसायचीस तिथं. खरं सांग. त्यास्नी काय आवडलं असतं? सभा थांबलेली का चाललेली?"

दवाखाना, असं म्हणून टाकता आलं असतं. खोलीतल्या कुणालाही ते खोटं वाटलं नसतं. वहिनीचे सुजलेले पाय माझ्या डोळ्यांसमोर होते. पण काकांनी प्रत्येक बसमध्ये, प्रत्येक वेळी मला उलट सांगितलं होतं, आणि गेलेल्या माणसाच्या तोंडात आपले शब्द घालणं हा उद्योग मी सभागृहात पुरेसा बघितला होता.

"थांबलेली," मी म्हटलं. "ते प्रथा मानायचे. आमचं भांडणच व्हायचं त्यावरून."

काकूंनी बाजूला ठेवलेला कागद पुन्हा उचलला. मग म्हणाल्या, "सकाळपासनं जो येतोय तो सांगतोय, काकांची हीच इच्छा हुती, काकांची तीच इच्छा हुती. तुला तुझ्या फायद्याची इच्छा सांगता आली न्हाई व्हय?" त्या थोडं हसल्यासारख्या झाल्या. "घरात कुणासाठी पायजे दवाखाना?"

मी वहिनीचं सांगितलं. कितवा महिना, त्यांनी विचारलं. पाय सुजतात का, विचारलं. मग मुलाला म्हणाल्या, "भावजींना फोन लाव."

भावजी म्हणजे विरोधी बाकांवरचे सगळ्यात जुने सभासद. काकांचे जन्माचे प्रतिस्पर्धी. वादात कधी काका जिंकायचे, कधी ते. सभागृहात दोघांनी एकमेकांना काय काय म्हटलं होतं ते इथे लिहिता येणार नाही. मुलगा म्हणाला, "त्यांना कशाला? ते तर—"

"लाव म्हणते ना."

फोन लागला. काकू मोठ्याने बोलत होत्या, लांबच्या माणसाला हाक मारतात तशा. "भावजी, उद्या तुम्ही उठणार ना बोलाया? ... व्हय, तुम्हीच उठा. बाकीचे रडतील निस्तं. ... आधी दवाखाना घ्या. मग काय थांबवायचं ते थांबवा. त्यास्नी त्यांची तहकुबी मिळू द्या आन् पोरीस्नी दवाखाना. ... न्हाई, चिठ्ठी-बिठ्ठी न्हाई देत मी. मीच येते."

खोलीत कालवा झाला. नवरा जाऊन दोन दिवससुद्धा झाले नाहीत, सुतकात बाई उंबऱ्याबाहेर पडत नाही, लोक काय म्हणतील. काकू म्हणाल्या, "लोकांचंच काम हाय ते." आमच्यात सुतक पाळत नाहीत, त्यामुळे त्यांनी केवढी गोष्ट ठरवली ते मला त्या बायकांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि काकू गॅलरीत बसलो. मुलगा आला नाही. खाली सभागृह भरलेलं होतं, शेवटची सभा म्हणून. महापौर आल्या, नगरसचिवांनी दुखवट्याचा कागद पुढे ओढला, आणि ते जुने सभासद उठले.

"दुखवटा आहेच. माझा मित्र गेलाय. पण त्याआधी एक विषय घ्यावा अशी त्यांच्या घरची इच्छा आहे. दवाखान्याचा."

लगेच सभागृह नेते उभे राहिले. "दुःखाच्या प्रसंगी तरी राजकारण नको. आधी श्रद्धांजली, ही या सभागृहाची उज्ज्वल परंपरा आहे."

"परंपरा कुठल्या नियमात लिहिलीय ते नगरसचिवांनी सांगावं."

नगरसचिव उठले. "नियमात नाही. पण आजवर असं झालेलं नाही."

"हा माणूस तरी आजवर कुठे गेला होता?"

"तुम्ही त्यांना आयुष्यभर विरोध केलात!"

"मग? तुम्ही तर त्यांना पाडलंत!"

बाकं वाजायला लागली. महापौर घंटा दाबत होत्या. चौघे-पाचजण एकदम बोलत होते आणि वेळ जात होता. मला कळत होतं, हे असंच चाललं तर थोड्या वेळाने कंटाळून सगळे उभे राहतील, स्तब्धता पाळतील आणि घरी जातील. मी गॅलरीच्या कठड्याला धरून बसले होते. घोषणा द्यावी असं फार वाटत होतं.

शेजारी काकू उठून उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. पदर डोक्यावर, हात कठड्यावर. सुरक्षारक्षक धावत आला, "आजी, बसा, गॅलरीत उभं राहता येत नाही." मग कुणीतरी त्याला त्या कोण ते सांगितलं आणि तो स्वतःच टोपी काढून भिंतीला टेकला.

खाली कुणीतरी वर बघितलं. तो उठून उभा राहिला. त्याच्या शेजारचे उठले. स्तब्धता सुरू झाली असं वाटून मागची रांग उठली. भांडणारे आधीच उभे होते, ते नुसते गप्प झाले. महापौरांनी वर पाहिलं आणि त्याही उठल्या. अख्खं सभागृह उभं होतं, कुणी पुकारलं नव्हतं, आणि ती बाई उभी असेपर्यंत खाली कोण बसणार? कुणाला पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं.

त्या शांततेत जुने सभासद हळू आवाजात म्हणाले, "महापौर, सगळे उभेच आहेत. विषय पुकारून घ्या."

नगरसचिवांनी कागद बदलला. विषय वाचला. इमारत आरोग्य खात्याकडे, डॉक्टर, नर्स, मदतनीस.

"मंजूर?" महापौरांनी विचारलं.

कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. वरून काकू बघत होत्या.

"मंजूर."

काकू खाली बसल्या. मग सगळे बसले, नगरसचिवांनी दुखवट्याचा ठराव वाचला, आणि बोलणी सुरू झाली. पहिल्या वक्त्याने अजातशत्रू म्हटलं. जुने सभासद उठले तेव्हा म्हणाले, "अजातशत्रू वगैरे काही नाही. मीच शत्रू होतो. फार खोडसाळ माणूस. नाल्याची भिंत मी अडवली, कारण ती त्याची होती. आता कुणीतरी बांधा." ते एवढंच बोलून बसले. बाबांनी वर्षानुवर्षं ज्या भिंतीसाठी काकांना धारेवर धरलं, तिचं खरं कारण मला त्या दिवशी कळलं. ते घरी सांगितल्यावर बाबा ताटावरून उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

स्तब्धतेच्या वेळी मीही उभी राहिले. प्रथेबद्दलचं माझं मत तेव्हा बदललं नव्हतं, आजही नाही. मी काकांसाठी उभी राहिले. त्यासाठी सभा तहकूब व्हायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं: माजी नगरसेवकाला श्रद्धांजली, सभा तहकूब. दवाखान्याचा उल्लेख कुठेही नव्हता. मुलाला हवी ती बातमी मिळाली, तरी त्याने आईशी काही दिवस अबोला धरला. उमेदवारी त्याला मिळाली नाही. त्याचं खापर त्याने माझ्या पत्रकावर फोडलं. माझं पत्रक एवढं गुणाचं असतं तर आणखी काय हवं होतं!

मंजुरी मिळाली म्हणून कुलूप लगेच निघत नाही. त्यानंतरही आम्ही कितीतरी टेबलं फिरलो. वहिनीची प्रसूती दवाखाना उघडायच्या आधीच झाली, दोन बस लांबच्या त्या प्रसूतिगृहात. शेवटच्या आठवड्यांत दादाने तिला काम सोडायला लावलं होतं. रक्तदाब चढला, धावपळ झाली, पण दोघी सुखरूप घरी आल्या. मुलगी झाली. तिचं लस टोचणं मात्र गल्लीच्या तोंडाशी झालं, नव्या दवाखान्यात. दारावर कुणाचंही नाव नाही. नाव द्यायचा प्रस्ताव आला तेव्हा काकूंनीच नको म्हणून कळवलं होतं.

त्या सकाळी वहिनी बाळाला घेऊन आत गेली होती. मी बाहेर रांगेत तिच्या पिशव्या सांभाळत उभी होते, तर पुढे काकू. साखर तपासायला आल्या होत्या.

"काकू, तुम्ही रांगेत कशाला? मी आत सांगते."

"काय सांगणार? मी कुणाची पाव्हणी हाय का?"

रांग हळू सरकत होती. काकू ऊन चुकवायला भिंतीच्या कडेला सरकल्या आणि आपणहून बोलायला लागल्या.

"तुझा कागद वाचला तेव्हा लई राग आला हुता मला. का ते त्या बायकांसमोर सांगितलं न्हाई. सभा तहकूब झाली की हे दुपारचे घरी जेवाया यायचे. एरवी कसलं घर आन् कसलं जेवण. रात्री अकरा, बारा. पण कुणी गेलं की दुपारी दारात हजर. मला आनंद व्हायचा आन् लाजबी वाटायची, कुणाचं तरी माणूस गेलंय आन् मी भाकरी थापतेय गरम-गरम. त्यांच्यासाठी सभा थांबणार म्हटलं तेव्हा पयलं डोक्यात हेच आलं, आज दुपारी काय करावं जेवायला. मग आठवलं."

आतून नर्सने हाक मारली, "पुढचं कोण आहे?"

"मी, मी," म्हणत काकूंनी चपला पायरीवर काढल्या आणि आत गेल्या.